ठिपक्यांची साक्ष

सोनाळ्याला सोनाजी महाराजांच्या यात्रेत एकाच पालाखाली दोन जिनसा शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एकीकडे देवांच्या तसबिरी, दुसरीकडे पोकेमॉनचे सोनेरी पत्ते. तसबिरींपाशी बाया, पत्त्यांपाशी पोरं. माझ्या भाच्यानं पत्त्यांचं एक पाकीट घेतलं, तिथंच उभ्या उभ्या फोडलं आणि विचारलं, "मामा, हे ओरिजिनल हाय ना?" संध्याकाळी बहिणीच्या शेजारच्या आजींकडे चहाला गेलो, तर तिथंही हाच प्रश्न. देवघराच्या वर काळवंडलेल्या चौकटीत लक्ष्मी होती. आजी म्हणाल्या, "हा फोटो रविवर्म्याचा हाय म्हंतेत. मले काही इकायचा नाही, पण खरा हाय का तेवढं पाहून दे."

माझ्या खिशात घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहा पटीचं भिंग असतं. जुन्या छापील कागदांचा नाद लागला की हे भिंग आपोआप खिशात येतं. भाच्याच्या पत्त्याला त्याची गरज पडली नाही. प्लास्टिकच्या पातळ चकतीवर सोनेरी चमक चढवून त्यावर रेघा उमटवल्या होत्या. मूळ पत्ते कागदाचे असतात, तेवढं माहीत असलं तरी पुरे. आजींच्या लक्ष्मीनं मात्र बराच वेळ घेतला. त्या चौकटीपाशी मी पुन्हा येईन. त्याआधी छपाई पाहून एखादा दुर्मिळ छापील तुकडा खरा की खोटा हे कितपत ठरवता येतं, याचा हिशेब मांडायला हवा. या विषयावर संग्राहकांत दोन टोकाची मतं ऐकू येतात. काहींना भिंग म्हणजे न्यायाधीश वाटतं, तर काहींना नुसतं ढोंग. माझं मत आधीच सांगून टाकतो. 'हे ते नव्हे' असं छपाई छातीठोकपणे सांगते. 'हेच ते' असं सांगण्याची ताकद तिच्या एकटीत नाही. बाजारातल्या बहुतेक फसवणुकी याच फटीतून आत शिरतात.

सुरुवात ठिपक्यापासून. आज आपल्या हातात येणारं जवळजवळ प्रत्येक रंगीत चित्र, मग ती लग्नपत्रिका असो, कॅलेंडर असो की बिस्किटाचा पुडा, ऑफसेटवर चार रंगांत छापलेलं असतं. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाची ठिपक्यांची जाळी वेगळ्या कोनात फिरवलेली असते. रूढ पद्धतीत काळा ४५ अंशांवर, किरमिजी ७५ वर, निळसर १५ वर आणि पिवळा शून्यावर. या जाळ्या एकमेकींवर पडल्या की भिंगाखाली बारीक फुलांची नक्षी दिसते. चांगल्या कागदावर इंचाला दीडशेच्या आसपास ओळी असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना ती फुलं दिसत नाहीत. दिसतात ते गाल, आकाश, साडीचा पदर.

या फुलांची नक्कल करणं अवघड आहे आणि तपासणीची सगळी मदार त्यावरच आहे. नकली पत्ता करणाऱ्याकडे मूळ प्लेट नसते. तो खरा पत्ता स्कॅन करतो आणि पुन्हा छापतो. म्हणजे आधीच ठिपक्यांत फोडलेलं चित्र पुन्हा एकदा ठिपक्यांत फुटतं. यात पहिल्यांदा बिघडतात ती अक्षरं. खऱ्या पत्त्यावर काळी अक्षरं एकट्या काळ्या शाईची, सलग आणि काठ स्वच्छ असलेली असतात. नकलेत तीच अक्षरं चार रंगांच्या ठिपक्यांतून उभी राहतात आणि कडेला रंगांची धूळ सांडलेली दिसते. १९९३ मध्ये निघालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाचे सुरुवातीचे पत्ते बेल्जियममधल्या कार्टामुंडी या पत्ते छापणाऱ्या कंपनीनं छापले. त्यांच्या पाठीवर हिरव्या रंगाचं एक छोटं वर्तुळ आहे. भिंगातून पाहिलं तर त्या वर्तुळात चार लाल ठिपके इंग्रजी एल अक्षरासारखे मांडलेले सापडतात. खेळणाऱ्यांमध्ये ही तपासणी तोंडपाठ असते. या खेळातला 'ब्लॅक लोटस'सारखा महागडा पत्ता विकत घेणारा माणूस पैसे मोजण्याआधी पत्ता उलटा करतो. दुसरी परीक्षा उजेडाची. पत्त्यांच्या कागदात दोन थरांमध्ये निळसर किंवा काळपट गोंदाचा थर असतो, म्हणजे समोरच्या खेळाडूला आरपार दिसू नये. साध्या कार्डशीटवर छापलेली नक्कल दिव्यासमोर धरली की उजेड वेगळाच झिरपतो.

मात्र ठिपके दिसले की वस्तू खोटी, असा सरसकट नियम केला तर आपलीच फसगत होते. ठिपक्यांचं असणं किंवा नसणं याला त्या वस्तूच्या काळाच्या संदर्भातच अर्थ येतो. अमेरिकन टोबॅको कंपनीनं १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची चित्रं घातली. संग्राहक त्या मालिकेला टी-२०६ म्हणतात. त्यातलं होनस वॅग्नरचं कार्ड जगातल्या सर्वांत महागड्या पत्त्यांपैकी एक आहे. २०२२ मध्ये त्याची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली. ही कार्डं शिळाछापाची. त्यांत सलग रंगाचे पट्टे आणि चित्रकारानं घातलेले ठिपके दिसतात, चार रंगांची नियमित फुलं दिसत नाहीत. टी-२०६ म्हणून समोर आलेल्या कार्डावर ती फुलं उमललेली दिसली, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. मॅजिकच्या पत्त्यावर याच्या उलट. तिथं फुलं नसतील तरच शंका घ्यायची.

शिळाछाप म्हटलं की आपण घरी येतो. मराठी माणसाचा छापील चित्रांशी संबंध शिळेपासूनच सुरू झाला. आलॉइस झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात ही युक्ती शोधली. तिथल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीवर तेलकट शाईनं काढायचं, दगड ओला करायचा, पाणी आणि तेलाचं पटत नसल्यानं छपाईची शाई फक्त रेघेवर बसते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं आणि हातानं लिहिलेली अक्षरं घराघरांत गेली. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा प्रेस उभा राहिला. नाना फडणविसांचं चित्र, रामपंचायतन असे तिथले छाप अजून जुन्या वाड्यांत सापडतात. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा प्रेस मुंबईत सुरू झाला. जर्मनीहून यंत्रं आली, दगड आले आणि माणसंही आली. मुंबईत प्लेग शिरल्यावर प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्मा आणि त्याच्या भावानं तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच प्रेससाठी फोटोवरून शिळा उठवण्याचं काम करत होते.

वऱ्हाडातल्या देवघरांत जी जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती दिसते, तिचं मूळ बहुधा या कुळात सापडतं. ती आपल्यापर्यंत प्रेसमधून थेट पोचली, दुसऱ्या प्रकाशकाच्या नकलेतून पोचली, की शिवकाशीच्या कॅलेंडरातून, हाच आजींचा प्रश्न होता.

रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. जगभर चांगल्या चित्राला डझनभर दगड लागणं ही नेहमीची बाब होती. कुशल कारागीर मूळ चित्राकडे बघून, कोणत्या जागी कोणता रंग किती गडद, हे मनाशी ठरवून प्रत्येक दगडावर निबनं ठिपके टिपत जायचा. रंग फोडून देणारा कॅमेरा त्याच्याकडे नव्हता, जे होतं ते हातात. त्यामुळे भिंगाखाली लक्ष्मीच्या गालावर ठिपके दिसतात खरे, पण ते शिस्तीत उभे नसतात. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे स्वल्पविरामासारखे लांबट, कुठे एकाला एक चिकटलेले. माझ्या दृष्टीनं या सगळ्या तपासणीत सर्वांत सुंदर दृश्य हेच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका कारागिरानं दिवसभर बसून टिपलेली हाताची लय तुमच्या डोळ्यासमोर उलगडते. कंटाळा आल्यावर ठिपके मोठे होत गेलेलेही दिसतात. ऑफसेटच्या जाळीला कंटाळा येत नाही.

आणखी दोन-तीन खुणा आहेत. रंगावर रंग चढतो तेव्हा शाईचा दाट थर कागदावर बसलेला असतो, आणि तिरप्या उजेडात तो जाणवतो. एखादा दगड केसभर सरकलेला असेल, तर पदराच्या काठाला लाल किंवा निळी झालर डोकावते. ओलिओग्राफ म्हणून विकल्या गेलेल्या छापांवर वॉर्निश दिलेलं असायचं आणि पुष्कळदा कॅन्व्हाससारखी उठावदार वीण दाबून उमटवलेली असायची, हेतू हा की तैलचित्राचा भास व्हावा. ऑफसेटच्या पुनर्मुद्रणात हीच वीण छायाचित्रासारखी सपाट येते. बोटाला काही लागत नाही, डोळ्याला मात्र वीण दिसते. बाजारात सर्वांत जास्त फसवणूक होते ती इथंच. जुन्या चौकटीत नवा ऑफसेट बसवतात, वर चहाचं पाणी फिरवतात. चहा ओळखणं सोपं आहे. खरं जुनेपण सगळीकडे सारखं नसतं. चौकटीच्या काठाखाली झाकलेली पट्टी उजळ राहते, उजेडाकडचा भाग जास्त पिवळा पडतो. चहा मात्र सगळ्यांना सारखा मिळतो, काठाखालच्यालाही.

इथवर भिंग जिंकतं. पुढचा प्रश्न ऐकला की ते अडतं. समजा ठिपके हाताचे निघाले, वीण बोटाला लागली, खाली रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं आहे. मग चित्र खरं? दगड झिजेपर्यंत छपाई चालायची, आणि झिजल्यावर नव्या दगडावर चित्र उतरवलं जायचं. रविवर्मा १९०६ मध्ये गेला. प्रेस त्याच्या आधीच परक्याचा झाला होता आणि त्याच्यानंतर कित्येक दशकं चालला. प्रेसच्या चित्रांवर मुंबईच्या मोतीबाजारातल्या अनंत शिवाजी देसाई टोपीवाले या विक्रेत्यांचंही नाव येतं. दुसऱ्या प्रकाशकांनी हीच चित्रं नव्यानं उतरवून छापली, आणि तीसुद्धा शिळेवरच. १९७२ च्या आगीत कारखाना जळाला, तोवर रविवर्म्याचं चित्र हा शब्द एका माणसाचा न राहता एका शैलीचा झाला होता. त्यामुळे दगडाची छपाई ओळखणं म्हणजे खरेपणाच्या जिन्याची पहिली पायरी. रविवर्म्याच्या हयातीतला छाप, श्लायशरच्या काळातला छाप, त्याच प्रेसचा उशिराचा छाप आणि समकालीन दुसऱ्या प्रेसची नक्कल या चारही वस्तू भिंगाखाली सख्ख्या बहिणी दिसतात. किंमत मात्र चौघींची वेगळी.

इथं पुढे नेणारा मार्ग तुलनेचा आहे. प्रत्येक दगडाला आणि प्रत्येक प्लेटला स्वतःचे व्रण असतात. एखादा ओरखडा, न बसलेला ठिपका, कोपऱ्यात सांडलेला शाईचा थेंब. ज्याच्या उगमाबद्दल वाद नाही अशी प्रत शेजारी ठेवून तेच व्रण त्याच जागी आहेत का ते पाहायचं. त्यासाठी मोठा, तारखांसकट लावलेला संग्रह लागतो. एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टीन शेलबर्गर यांनी या छापांवर केलेलं काम, ख्रिस्तोफर पिनींचं 'फोटोज ऑफ द गॉड्स', बेंगळुरूच्या गणेश शिवस्वामींचे रविवर्म्यावरचे खंड यांनी ती वाट बरीच मोकळी केली आहे. छपाईच्या पद्धती एकमेकींपासून ओळखायला बॅम्बर गॅस्कॉइन यांचं १९८६ मधलं 'हाउ टु आयडेंटिफाय प्रिंट्स' अजून हाताशी ठेवावं असं आहे. प्रश्नानंतर प्रश्न विचारत ते वाचणाऱ्याला उत्तरापर्यंत नेतं. विकत घेणाऱ्याला माझा सल्ला असतो की भिंगाआधी हे पुस्तक घ्यावं.

पत्त्यांच्या आकाराच्या वस्तूंकडे वळलं की आपल्याकडचं दालन बरंच मोठं निघतं. रविवर्मा प्रेसमध्ये काम केलेल्या पॉल गेर्हार्टनं भारतातली सुरुवातीची रंगीत शिळाछाप चित्रपत्रं काढली. महादेव विश्वनाथ धुरंधरांची मुंबईच्या माणसांची पोस्टकार्डंही संग्राहक शोधत असतात. इथं पाठ पोटापेक्षा जास्त बोलते. जुन्या पोस्टकार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या बाजूला कोंबावा लागे. ब्रिटननं १९०२ मध्ये पाठीचे दोन भाग करायला परवानगी दिली आणि हळूहळू बाकीचे देश त्या वाटेनं गेले. मधोमध उभी रेघ असलेलं कार्ड कोणी १८९९ चं म्हणून दाखवलं, तर छपाईकडे वळायचंही कारण नाही. सिगारेटच्या पाकिटांतली कार्डंही आपल्याकडे निघाली. पेनिन्सुलर टोबॅकोनं हिंदू देवांची मालिका काढली होती, म्हणजे देव आणि धूर एकाच खिशात. काडेपेटीच्या चित्रांचं तर विचारूच नका. स्वीडनहून आलेल्या पेट्यांवर आपले देव, मग १९२३ पासून विमकोचा माल, मग शिवकाशीचा. शिळेवरचं लेबल आणि ऑफसेटवरचं लेबल यांतला फरक शाळकरी पोरगाही शिकू शकतो. नव्वदीत आम्ही पोरं कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड खेळायचो. त्यांचे काठ आम्हीच इतके झिजवले की बनावट करणाऱ्याला करण्यासारखं काही उरलं नाही.

सावंतवाडीचा गंजिफा हा या सगळ्यांत वेगळा गडी. तिथं छपाईच नाही. गोल पत्ता, लाखेचा थर, हातानं रंगवलेली चित्रं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पत्ते, म्हणजे १२० पानांचा डाव. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकात, सत्तरच्या दशकात, राजवाड्यातच ही कला पुन्हा उभी केली. इथं भिंगाचं काम एका वाक्यात संपतं. कुंचल्याची रेघ सुरुवातीला जाड, शेवटी बारीक होते आणि शाई संपत आल्यावर तुटते. छापलेली रेघ तशी दिसते, पण मोठी करून पाहिली की ती ठिपक्यांत विरघळते.

टपाल तिकिटांच्या जगात छपाईची तपासणी सर्वांत जुनी आणि सर्वांत कडक आहे, कारण तिथं नक्कल हा थेट सरकारशी दगा ठरतो. १८५४ मध्ये कलकत्त्याला शिळाछापावर काढलेल्या चार आण्यांच्या तिकिटात लाल चौकट आणि निळं मस्तक असे दोन फेरे होते. दुसऱ्या फेऱ्यात काही कागद उलटे गेले आणि राणीचं डोकं खाली झालं. संग्राहक आज त्या चुकीलाच जीव टाकतात. गांधीजींच्या मृत्यूनंतर १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेली चार तिकिटं स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए कंपनीनं फोटोग्रॅव्ह्यूरवर छापली. त्यातलं दहा रुपयांचं तिकीट फार मोलाचं आहे. 'सर्व्हिस' असं छापलेल्या त्याच्या चार तिकिटांच्या पट्टीला २०१७ मध्ये पाच लाख पौंड मोजले गेले. ग्रॅव्ह्यूरमध्ये शाई प्लेटवरच्या बारीक खळग्यांत भरलेली असते. गडद जागी खळगा खोल, फिकट जागी उथळ. सगळं चित्र, अगदी अक्षरंसुद्धा, या खळग्यांतून येत असल्यानं भिंगाखाली अक्षरांचे काठ करवतीच्या दात्यांसारखे दिसतात. ऑफसेटवर काढलेल्या नकलेला हे दाते जमत नाहीत. नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात फोटोग्रॅव्ह्यूर आल्यावर तिथून निघालेली पहिली मालिका १९५२ ची संत-कवींची. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. ती तिकिटं अजून स्वस्त मिळतात. ग्रॅव्ह्यूर म्हणजे काय ते डोळ्याला शिकवायला त्यांच्याइतका चांगला मास्तर नाही.

भिंगाच्या पुढे रसायनशास्त्र उभं असतं. त्यातली दोन साधनं खर्चाला हलकी आहेत आणि तरी आपल्याकडे कमी वापरली जातात. पहिलं, नोटा तपासायचा जांभळा दिवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळायची चकाकी आणणारी रसायनं साधारण १९५० नंतर कागदात सर्रास आली. अशा कागदावर दिवा धरला की तो निळसर पांढरा पेटतो. १९०५ चा म्हणवणारा छाप असा पेटला की विषय संपला. फक्त एक सावधगिरी. कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच रसायनं असतात. दिवाळीच्या साफसफाईत कोणी साबणाच्या फडक्यानं तसबीर पुसली असेल, तर निष्पाप लक्ष्मीसुद्धा जागोजाग चमकते. कागदाचा न पुसलेला भाग पाहायचा असतो. दुसरं साधन म्हणजे रंगांच्या जन्मतारखा. थॅलोसायनिन निळा १९३५ च्या सुमारास बाजारात आला. टायटॅनियमचा पांढरा व्यापारी प्रमाणात पहिल्या महायुद्धानंतर. रविवर्म्याच्या हयातीतल्या छापात हे सापडणं शक्य नाही. हे ओळखायला प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा अशा ठिकाणी अशी कामं होतात, तालुक्याच्या गावी नाही.

आता ज्या तीन गोष्टींमुळे माझं सुरुवातीचं मत पक्कं झालं, त्या सांगतो.

पहिली आपल्याच घरची. अब्दुल करीम तेलगीचे बनावट मुद्रांक इतकी वर्षं का चालले? नाशिकच्या मुद्रणालयातून भंगारात निघालेली यंत्रं त्यानं मिळवली होती. जिथं खरं छापलं जातं तिथलंच यंत्र हाती आलं, की छपाईची पद्धत खऱ्यासारखी दिसण्याचा प्रश्नच उरत नाही, ती खरीच असते. पुढे न्यायालयानं त्याला तीस वर्षांची सजा दिली. तो खटला उभा राहिला यंत्रांच्या, पैशांच्या आणि माणसांच्या मागावरून.

दुसरी गोष्ट वॅग्नरच्या कार्डाची. १९९१ मध्ये अमेरिकेत पीएसए नावाची तपासणी संस्था निघाली. तिनं पहिलं प्रमाणपत्र दिलेलं कार्ड म्हणजे हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीच्या मालकीचं टी-२०६ वॅग्नर. त्याची छपाई अस्सल होती, कागद अस्सल होता, काळ अस्सल होता. २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रोनं न्यायालयात कबूल केलं, की त्या कार्डाचे काठ त्यानं कापून सरळ केले होते. म्हणजे शाईनं खरं सांगितलं आणि कात्रीनं खोटं. काठ पाहिले असते तर कळलं असतं.

तिसरी गोष्ट ताजी. पोकेमॉनचे पत्ते जपानमध्ये १९९६ ला निघाले. ते बाजारात येण्याआधी खेळून पाहण्यासाठी केलेले कच्चे पत्ते म्हणून काही कार्डं अलीकडे बाजारात आली. ती छापखान्यात छापलेली नसून कार्यालयातल्या रंगीत प्रिंटरवर काढलेली दिसत होती, आणि कच्च्या नमुन्याला ते शोभूनही दिसत होतं. खेळ घडवणाऱ्यांपैकी एकाच्या सह्या त्यांवर होत्या, तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र होतं, हजारो डॉलर मोजले गेले. रंगीत लेझर प्रिंटर कागदावर फिकट पिवळ्या ठिपक्यांची एक जाळी गुपचूप छापतात. डोळ्याला ती दिसत नाही, निळ्या उजेडात दिसते. यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख त्यात दडलेली असते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं झेरॉक्सच्या एका यंत्राची ही लिपी २००५ मध्येच उलगडून दाखवली होती. जानेवारी २०२५ मध्ये संग्राहकांनी या पत्त्यांचे स्कॅन तपासले. काही कार्डांवर तारीख निघाली २०२४ ची.

या तिसऱ्या गोष्टीचा मला मोह पडतो, कारण इथं छपाईची पद्धत पूर्णपणे जुळत होती. लेझर म्हटलं होतं, लेझरच निघालं. पद्धतीवर थांबलेला तपासनीस फसला. पद्धतीच्या आत, त्या एका यंत्राच्या सवयीपर्यंत जे पोचले त्यांना चोर सापडला. दगडाच्या ओरखड्यात आपण शोधतो ते हेच, फक्त इथं यंत्रानं स्वतःच्या हातानं तारीख लिहून ठेवली होती.

म्हणून प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर आकडा लिहिलेल्या कार्डांबद्दल मी थोडा नाखूश असतो. डबी वस्तूला धुळीपासून वाचवते, आणि पुढच्या भिंगापासूनही. काठाला बोट लावता येत नाही, कागदाचा वास घेता येत नाही, पाठ तिरपी धरता येत नाही. विकणाऱ्याला हेच हवं असतं. आपल्याकडच्या जुन्या छापांच्या व्यापारातही आता 'सर्टिफिकेट आहे' हे वाक्य ऐकू येतं. सर्टिफिकेट कोणी दिलं, काय पाहून दिलं आणि तुलनेला कोणती प्रत ठेवली, हे तीन प्रश्न विचारले की बोलणं बहुधा चहावर येतं.

आता आजींची लक्ष्मी. चौकट खाली उतरवून ओसरीवर उजेडात आणली. गालावर ठिपके होते, हाताचे, कंटाळलेले. साडीच्या काठाला निळी झालर केसभर सरकलेली. वीण बोटाला लागली. खालची पांढरी पट्टी, जिथं प्रेसचं नाव असतं, ती चौकटीत बसावी म्हणून कोणीतरी कापून टाकलेली. मी आजींना सांगितलं की हा दगडावरचाच छाप आहे, ऑफसेट नाही, पण कोणाच्या प्रेसचा ते कापलेल्या पट्टीबरोबर गेलं. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "मांगून उघड ना, आत कागद हाय."

भाच्यानं पक्कड आणली. गंजलेले चार खिळे काढले. पुठ्ठ्याच्या आत घडी घालून भरलेलं मराठी वर्तमानपत्र होतं, १९५८ चं. चौकट त्या साली किंवा त्यानंतर बसवली, एवढंच त्यावरून ठरतं. चित्र त्याआधी कितीही वर्षांचं असू शकतं. मी हे समजावून सांगू लागलो, तेवढ्यात आजींनी बोट ठेवलं ते वर्तमानपत्राच्या खालच्या कोपऱ्यावर, बाजारभावाच्या चौकटीवर.

"ते असू दे बापू. तवा कापसाले भाव काय होता, तेवढं वाच."